साठ सेकंद आणि उघडी यादी: व्हीआयए तपासणीच्या ॲपच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

नवतपा संपून आठवडा झाला, तरी धंतोलीच्या ऑफिसात दुपारी कूलर पुरत नाही. आज पहिली बैठक झाली. दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या सिस्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडम, माझा सहकारी आणि मी. दोन्ही केंद्रं नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, धान आणि मिरचीच्या पट्ट्यातली.

काम असं: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची व्हीआयए तपासणी (ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची) गावपातळीवर नीट व्हावी आणि तिची नोंद हरवू नये, यासाठी फोनवर चालणारं ॲप करायचं. गावात याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. ॲपमधल्या मजकुरातही तोच शब्द ठेवायचं ठरलं.

आकडे एकदा लिहून ठेवते. ग्लोबोकॅन २०२२ या जागतिक कॅन्सर-आकडेवारीप्रमाणे भारतात वर्षाला या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या फक्त १.९ टक्के. सरकारने २०१६ मध्येच ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी करायची, असा आराखडा दिलेला आहे. हा आजार आधीच्या टप्प्यात सापडायला आणि पुरता बरा व्हायला दहा-पंधरा वर्षांची मुदत देतो. इतकी मुदत फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळते. म्हणून ते ८० हजार वाचताना मला राग येतो.

सिस्टरांकडे सध्या एक रजिस्टर आणि कार्बन लावलेलं रेफरचं चिठ्ठीबुक आहे. मॅडमनी दोनच गोष्टी मागितल्या: “तपासताना काय दिसलं त्याचा फोटो मला दाखवा. आणि पॉझिटिव्ह म्हणून पाठवलेली बाई पुढे कुठे गेली ते सांगा.”

१८ जून, मंगळवार

आज तपासणीच्या खोलीत बसले. प्रत्येक बाईला आधी विचारलं. दोघींनी नको म्हटलं, तेव्हा बाहेर बाकावर थांबले.

सिस्टर सकाळीच ५ मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ९५ मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून ५ टक्क्यांचं द्रावण करतात, बाटलीला तारखेची पट्टी चिकटवतात आणि उरलेलं संध्याकाळी ओतून टाकतात. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारं उपकरण) बसवला, कापसाचा बोळा द्रावणात भिजवून गर्भाशयमुखावर धरला, एक मिनिट थांबलं आणि मग बघितलं. जिथे पेशींमध्ये बदल सुरू झालेला असतो तिथे ठळक कडेचा, दाट पांढरा डाग उमटतो, तोही आतल्या लाल आणि बाहेरच्या गुलाबी आवरणाच्या जोडरेषेला चिकटून. प्रयोगशाळा नको, रिपोर्टची वाट नको. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, जुजबी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हीच तपासणी केली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे पद्धत दुबळी नाही. पण ती सगळी त्या एका मिनिटावर आणि बघणाऱ्या डोळ्यांवर उभी आहे.

ते मिनिट सिस्टर मनात मोजतात. मी माझ्या घड्याळावर मोजत होते. पहिल्या बाईला साठ सेकंद पूर्ण मिळाले. सातव्या बाईपर्यंत मिनिट चाळीस सेकंदांवर आलं होतं. बाहेर रांग होती, कंबर अवघडली होती, त्यांना दोष कसा देणार! पण घाईत बघितलं तर खरा डाग पुरता उमटलेला नसतो, आणि साधा फिकट पांढरेपणा, जो थोड्या वेळाने विरून जातो, तो डागासारखा वाटतो. ॲपचं पहिलं काम इथेच मिळालं. कॅमेऱ्याच्याही आधी घड्याळ.

दुसरी गोष्ट हातमोज्यांची. मोजे घातलेल्या हाताने फोनला हात लावायचा नाही, आणि मदतीला दुसरं कोणी नसतं. कितीही देखणा स्क्रीन केला तरी तिथे त्याला बोट लागणार नाही.

तिसरी: निर्जंतुक केलेले स्पेक्युलम अकरा होते. अकरावी बाई झाल्यावर तपासणी थांबली, कारण ऑटोक्लेव्हची पुढची फेरी संध्याकाळी. गावात ‘उद्या या’ म्हणजे बहुतेक वेळा ‘येऊ नका’. प्रकल्पाच्या पैशातून आधी स्पेक्युलम घ्या, असं आजच लिहून पाठवलं. दोन टॅब कमी घेऊ.

३ जुलै, बुधवार

घड्याळ आणि कॅमेरा एकत्र जोडला. सेल्फी स्टिकबरोबर येतं ते छोटं ब्लूटूथ बटण प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या कडेला चिकटवलं. सिस्टर बोळा लावतात तेव्हा ते कोपराने दाबतात. साठ सेकंद झाले की फोन एकदा थरथरतो आणि स्टँडवरूनच लागोपाठ तीन फोटो काढतो.

फोटो मात्र वाईट आले. फोनचा फोकस स्पेक्युलमच्या चकचकीत कडांवर जाऊन बसतो, आणि फ्लॅशचा उजेड ओल्या पृष्ठभागावर पडून जी चमक येते ती हुबेहूब पांढऱ्या डागासारखी दिसते. फोकस पंचवीस सेंटिमीटरवर कायमचा बांधून टाकला. फ्लॅश आणि लेन्स, दोन्हींवर पोलरायझिंग फिल्मचे तुकडे एकमेकांना काटकोनात लावले. चमक निम्म्याहून कमी झाली. कॉल्पोस्कोपमध्ये, म्हणजे गर्भाशयमुख मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रात, रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून हिरवा फिल्टर असतो. तसा हिरवा थर फोटो बघताना चालू-बंद करता येईल, असं मॅडमच्या स्क्रीनवर दिलं.

संध्याकाळी जे दिसलं त्याने पोटात गोळा आला. चाचणीचे फोटो ॲपपुरते राहायला हवे होते, पण ते फोनच्या गॅलरीतही जमा झाले होते आणि तिथून आपोआप क्लाउडवर चढण्याच्या रांगेत उभे होते. नशीब, ते सरावाच्या रबरी मॉडेलचे होते. आता फोटो ॲपच्या बंद कप्प्यात कुलूपबंद राहतात, त्यांच्यातून ठिकाणाची माहिती पुसली जाते आणि सर्व्हरवर पोहोचले की फोनवरून नाहीसे होतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यासाठी संमतीपत्र लागणारच आहे, पण इथे मी कायद्याचा विचार करत नव्हते. ज्या बाईने माझ्यासमोर पदर तोंडावर घेऊन डोळे मिटले होते, तिचा विचार करत होते.

१२ जुलै, शुक्रवार

शिबिराला चौघी आल्या. धानाची रोवणी जोरात आहे आणि सगळ्या गावात लाडकी बहीणच्या अर्जांची गर्दी. आशाताई आणि अंगणवाडीताई दिवसभर आधार, रेशनकार्ड आणि फोटो यांच्यात बुडालेल्या. ऑगस्टपर्यंत मोठं शिबिर घ्यायचं नाही, दर मंगळवारी केंद्रातच थोड्या थोड्या तपासण्या करायच्या, असं ठरवलं.

२९ जुलै, सोमवार

ही नोंद सविस्तर लिहिते आहे, कारण चूक माझी आहे आणि ती कुणाच्या जिवावर बेतली असती.

महिनाअखेरीचा ताळा करताना सिस्टरच्या रजिस्टरात ४१ नावं निघाली आणि सर्व्हरवर ३९. आधी वाटलं, सिंक व्हायचं राहिलं असेल. दोन्ही फोन वायफायला लावले. तरी ३९.

रात्री अकरापर्यंत एकेक ओळ जुळवत बसलो तेव्हा कळलं. दोन्ही फोन रेंज नसताना आपापले अनुक्रमांक देत होते. एका फोनवरची १७ नंबरची बाई आणि दुसऱ्या फोनवरची १७ नंबरची बाई सर्व्हरला एकच वाटली. शेवटची नोंद ती खरी, असा नियम मीच लिहिला होता. त्यामुळे नंतर आलेल्या नोंदीने आधीची पुसली. असं दोनदा झालं. त्यांतल्या एका जोडीत पुसली गेलेली बाई पॉझिटिव्ह होती, वर राहिलेली निगेटिव्ह.

रजिस्टर नसतं तर ती बाई आमच्या लेखी तपासून मोकळी झाली असती. कागद बंद करण्याची घाई मला झाली होती. सिस्टर म्हणाल्या होत्या, “राहू द्या मॅडम, सहा महिने दोन्ही चालवू.” त्यांच्या त्या वाक्याने ती बाई वाचली.

आजपासून: अनुक्रमांक बंद. आधीच छापलेले क्यूआर कोडचे कार्ड. प्रत्येक कोड एकदाच छापला जातो आणि कार्ड बाईच्या हातात राहतं. कार्डावर आजाराचं नाव नाही, फक्त केंद्राचं नाव आणि कोड. दुसरं, सर्व्हरवर काहीही पुसलं जाणार नाही. दुरुस्ती म्हणजे जुन्या नोंदीखाली नवी ओळ. तिसरं, दर शनिवारी रजिस्टर आणि सर्व्हरची बेरीज जुळल्याशिवाय आठवडा बंद होत नाही.

नावावरून शोधायचं नाही, हेही त्याच रात्री पक्कं झालं. एका गावात एकाच आडनावाची दहा घरं, बाईचं नाव आधारवर एक आणि घरी हाक मारायला दुसरं, वय अंदाजे. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं.

१४ ऑगस्ट, बुधवार

एआयचा विषय आज एकदाचा निकाली काढला. पैसे देणाऱ्यांना प्रस्तावात तो हवा आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते प्रांतातले, १९९३ नंतर जमवलेले नऊ हजारांहून अधिक बायकांचे फोटो संगणकाला शिकवले आणि निष्कर्ष फार चांगले आले. त्यावरून जगभर आशा वाढली. पण ते फोटो एकाच ठरावीक, खास बनवलेल्या फिल्म कॅमेऱ्याचे होते. फोन बदलला, उजेड बदलला की तीच हुशारी जशीच्या तशी टिकत नाही. आम्हाला चाचणीसाठी मिळालेल्या एका मॉडेलला आम्ही एकाच बाईचे, एकाच मिनिटात दोन फोनवर काढलेले फोटो दिले. उत्तरं दोन आली.

सिस्टरच्या समोर असं उत्तर ठेवायचं नाही, हे माझं मत मी लेखी दिलं. सिस्टर डोळ्यांनी बघून ‘डाग आहे’ असं बरोबर म्हणाल्या आणि यंत्राने नाही म्हटलं, तर त्या यंत्राचं ऐकतील. वर्षभर त्यांनी कमावलेली नजर आठवड्यात डळमळेल. संगणकाला आम्ही लहान काम दिलं आहे: फोटो अस्पष्ट आहे का, चमक जास्त आहे का, गर्भाशयमुख चौकटीत पूर्ण आलं आहे का. बाई टेबलावर असतानाच तो सांगतो, म्हणजे लगेच दुसरा फोटो काढता येतो. डाग आहे की नाही ते सिस्टर ठरवतात, आणि मॅडम रात्री फोटो बघून मत देतात.

मॅडमचं म्हणणं, पैसे असतील तर ते एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याच्या चाचणीकडे वळवा. बार्शी-उस्मानाबाद भागातल्या १ लाख ३१ हजार बायकांच्या अभ्यासात (२००९) एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि आपल्याच महाराष्ट्रातला तो पुरावा जग वापरतं. नमुना बाईला स्वतःला घेता येतो, टेबलावर चढावं लागत नाही. टीबीसाठी आलेल्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्हीची चिपही चालते. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात हे घालते आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

तान्हा पोळा. महाल-इतवारीकडे काळी-पिवळी मारबत निघाली म्हणून रस्ते बंद, मी घरूनच काम केलं. “ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत” ही आरोळी लहानपणापासून ऐकते आहे. आज रोगराईच्या याद्याच मांडीवर होत्या.

मॅडमनी आतापर्यंतचे सगळे फोटो पाहिले. सिस्टरचं आणि त्यांचं मत बहुतेक ठिकाणी जुळलं. एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हती. पाळी गेलेल्या बायकांमध्ये ती जोडरेषा आत सरकते, बाहेरून दिसतच नाही. तिथे पांढरा डाग नाही याचा अर्थ सगळं ठीक असा होत नाही. बघायची जागाच दिसलेली नसते. आमचा फॉर्म अशा सगळ्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणत होता. आता निकालाच्या आधी सक्तीचा प्रश्न आहे: ‘जोडरेषा पूर्ण दिसली का?’ नाही म्हटलं तर निगेटिव्हचं बटण उघडतच नाही, आणि बाई दुसऱ्या चाचणीच्या यादीत जाते. जुन्या नोंदींतून अशा बायका शोधून काढल्या. त्यांना पुन्हा बोलवायचं आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पाठपुराव्याचे मेसेज आज सुरू करणार होतो. मजकूर तयार होता, मराठीत, नीट लिहिलेला. सिस्टरांनी यादीवरून नजर फिरवली आणि विचारलं, “हे नंबर कोनाचे आहेत पाह्यलं का तुमी?”

बघितले. बहुतेक नवऱ्याचे, मुलाचे, काही जावयाचे. एक तर किराणा दुकानाचा. मुलाच्या मोबाईलवर आईच्या पिशवीच्या तोंडाचा मेसेज गेला असता. एचपीव्ही संबंधातून पसरतो हे अर्धवट ऐकलेल्या घरात त्या मेसेजचा काय अर्थ लावला गेला असता, ते मला सिस्टरांनी दोन उदाहरणांनी समजावलं. ती इथे लिहीत नाही.

मेसेज रद्द. त्याऐवजी प्रत्येक आशाताईच्या फोनवर तिच्या गावची ‘उघडी यादी’ दिसते. पॉझिटिव्ह निघालेली बाई उपचार होईपर्यंत त्या यादीतून हटत नाही. पंधरा दिवस झाले की वर सरकते, महिना झाला की सिस्टरच्या आणि माझ्या फोनवरही येते. ‘रेफर केलं’ असं लिहून यादी बंद करता येत नाही. ‘पोहोचली’, ‘उपचार झाला’ किंवा ‘नको म्हणाली, पुन्हा कधी विचारायचं’ एवढेच पर्याय. प्रत्येक भेटीचं प्रवासभाडं प्रकल्पातून. आशाताईंना कामावर मोबदला मिळतो, आणि हे काम फुकट करून घेणं मला मान्य नाही.

नोंदणीत एक प्रश्न वाढवला: ‘हा फोन कोणाजवळ असतो?’

२२ ऑक्टोबर, मंगळवार

थर्मल ॲब्लेशनचं यंत्र केंद्रात आलं. हेअर ड्रायरएवढं, बॅटरीवर चालणारं. टोक १०० अंशांना तापतं, अर्धा मिनिट लावून धरलं की बदललेल्या पेशी जळतात. भूल लागत नाही. वैद्यकीय अधिकारी बाईंचं प्रशिक्षण मॅडमनी केलं. डाग पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत गेलेला नसेल आणि कॅन्सरचाच संशय नसेल, तेव्हाच इथे करायचं. बाकीच्यांना नागपूरलाच पाठवायचं.

पहिलीचा उपचार आज झाला. ती उठून बसली आणि म्हणाली, “झालं? मी तर नागपूरचं भाडं घेऊन आली होती.” महिनाभर अंगावरून पाण्यासारखं जाईल, चार आठवडे नवऱ्यापासून दूर राहायचं, वर्षाने पुन्हा दाखवायचं, हे सिस्टरांनी तीनदा सांगितलं. तिचं नाव उघड्या यादीतून गेलं तेव्हा आम्ही सगळ्या फोनभोवती उभ्या होतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दोन्ही सिस्टर निवडणुकीच्या ड्युटीवर. काम बंद.

१७ डिसेंबर, मंगळवार

उघड्या यादीत तीन नावं. त्यांतली एक सप्टेंबरपासून आहे. आशाताई चारदा जाऊन आल्या होत्या. आज मी त्यांच्याबरोबर गेले.

ती घरी नव्हती, मिरचीच्या सातऱ्यावर होती. सातरे नुकतेच सुरू झाले आहेत. उघड्यावर लाल मिरचीचे ढीग, भोवती बायका देठ तोडत बसलेल्या, तोंडाला ओढण्या बांधलेल्या. पाच मिनिटांत माझे डोळे आणि घसा पेटला. ती दिवसभर तिथेच बसते, आणि मजुरी तोडलेल्या मिरचीच्या किलोवर. तिने मान वर केली नाही.

आशाताई तिच्या शेजारी बसल्या आणि बोलता बोलता स्वतःही देठ तोडू लागल्या. तोडलेली मिरची तिच्याच टोपलीत टाकत होत्या. 

“कायले येऊ? मले काईच तर होत नाई,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पिशवी काढा लागते म्हनते ना?”

“नाई वो माय. पिशवी काढत नाई. अर्ध्या मिनिटाचं काम हाय, आपल्याच दवाखान्यात. परत चालत येशीन.”

“मजुरी बुडते.”

“मंगळवारी अकरा वाजता नेतो तुले, दोन वाजता इथं आणून सोडतो.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मिरचीचा एक ढीग संपला, तिने दुसरा पुढे ओढला. मग हात पदराला पुसून ब्लाऊजमधून बटवा काढला, आणि बटव्यातून आमचं कार्ड. तीन महिने ते तिच्याजवळच होतं, चार घड्या घातलेलं, लाल झालेलं. “हे आणा लागते का?” तिने विचारलं. आणि लगेच, “माह्या सुनेले सांगू नोका.”

कार्डाच्या घडीवर क्यूआर कोड उडाला होता. फोनने वाचला नाही. पुढच्या वेळी कोडाखाली सहा अंकी आकडाही छापायचा आणि कार्ड जाड प्लास्टिकचं करायचं.

२४ डिसेंबर, मंगळवार

ती आली. अकरा वाजता नाही, साडेबाराला, आशाताईंच्या स्कूटीवर. डाग पूर्ण दिसत होता, आत गेलेला नव्हता. उपचार झाला. पावणेदोनला ती सातऱ्यावर परत होती. आजची मजुरी कापली गेली नाही, हे आशाताईंनी मुकादमाशी स्वतः बोलून घेतलं होतं.

शनिवारचा ताळा जुळला होता. यादीत दोन नावं उरली आहेत. एक नागपूरला बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट बघते आहे. कागद शुक्रवारी आणायला मी स्वतः जाईन. दुसरी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आहे, संक्रांतीला येईल असं जावेने सांगितलं. तिची पुढची तारीख १५ जानेवारी घातली आहे.